रावबहादूर धुरंधर व त्यांची कन्या

शाळेच्या पिशवींतील सर्वांत दुर्दैवी वही कोणती असें आम्हांस कोणीं विचारलें, तर आम्ही चित्रकलेच्या वहीकडे बोट दाखवूं. गणिताची वही हरवली तर घरांत शोधाशोध होते. चित्रकलेची हरवली तर ती हरवली आहे हेंहि कित्येक दिवस कोणाच्या लक्षांत येत नाहीं. नववी इयत्ता आली कीं रंगांची पेटी माळ्यावर जाते, आणि ती बहुधा पुन्हां खालीं येत नाहीं. मुलीच्या बाबतींत तर ती याहूनहि लवकर वर जाते. असें करणारे पालक अरसिक असतात असें आम्ही म्हणत नाहीं. भंडारा जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांवर, विणकामावर अथवा लहानशा नोकरीवर ज्या घराचा चरितार्थ चालतो, त्या घरास मुलांच्या प्रत्येक तासाचा हिशेब ठेवावा लागतो. चित्र काढून पोट भरतें काय, हा त्यांचा प्रश्न खोटा नाहीं.

तथापि या प्रश्नाच्या आड दुसरा एक प्रश्न लपलेला असतो. मुलास पाहावयास कोण शिकविणार? अक्षर शाळेंत शिकवितां येतें, पाढे शाळेंत पाठ करून घेतां येतात. परंतु समोरची वस्तु नीट न्याहाळण्याची संवय घरींच लागावी लागते. या दृष्टीनें महाराष्ट्राच्या एका थोर चित्रकाराचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या मातापितरांनीं एकत्र बसून वाचावें अशी आमची इच्छा आहे. ते चित्रकार म्हणजे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर होत.

महादेवरावांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजीं कोल्हापूर येथें पाठारे प्रभु ज्ञातींतील एका कुटुंबांत झाला. त्यांचें शालेय शिक्षण कोल्हापुरासच झालें. ज्या नगरींत आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार होऊन गेला, ती नगरी कलेच्या बाबतींत उदासीन नव्हती. तरीहि त्या काळीं एखाद्या सुशिक्षित घरांतील मुलानें चित्रकलेवरच आयुष्य काढावें, ही कल्पना लोकांच्या सहज गळीं उतरण्यासारखी नव्हती. वकिली, कारकुनी, शिक्षकी हे मार्ग माहितींतले होते. चित्रकाराचा मार्ग कोठें जातो हें कोणासच ठाऊक नव्हतें. अशा वेळीं १८९० सालच्या जानेवारी महिन्यांत हा तेवीस वर्षांचा होऊं घातलेला तरुण मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत दाखल झाला.

या शाळेविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. सर जमशेटजींनीं दिलेल्या एक लक्ष रुपयांच्या देणगींतून ही संस्था उभी राहिली व १८५७ सालीं तिचें काम सुरू झालें. धुरंधर तेथें गेले तेव्हां जॉन ग्रिफिथ्स हे मुख्य होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृति विद्यार्थ्यांकडून अनेक वर्षें खपून करवून घेणारे ते हेच ग्रिफिथ्स होत. शाळेंतील शिक्षणाचा क्रम मोठा कडक होता. प्रथम नुसती बाह्यरेषा; मग घट्ट बसविलेल्या प्लॅस्टरच्या पुतळ्यावरून छायाप्रकाश; त्यानंतर जिवंत माणूस; आणि हात व डोळा यांची अशी तयारी झाल्यावर रंग. आजचा उतावळा विद्यार्थी पहिल्या दिवशींच रंगांत कुंचला बुडवितो. त्या शाळेंत रंगाजवळ येण्यापूर्वीं पुष्कळ कोळसा व पुष्कळ कागद झिजवावा लागे.

धुरंधरांनीं तो झिजविला. अभ्यास पुरा होतांच त्याच शाळेनें त्यांस शिक्षक नेमलें, व १८९० च्या जानेवारींत ज्या दारांतून ते आंत शिरले त्या दारांतून ते १९३१ च्या जानेवारींत सेवानिवृत्त होऊन बाहेर पडले. विद्यार्थी, शिक्षक, आणि अखेरीस त्या संस्थेच्या संचालकाचें काम हंगामी पाहणारे पहिले भारतीय, अशा पायऱ्या त्यांनीं एकाच वास्तूंत चढल्या. पुढें १९४० सालीं आपल्या आठवणी त्यांनीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केल्या, त्यांस त्यांनीं नांव दिलें तें ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ असें. ज्यास आपलें कामाचें ठिकाण मंदिर वाटतें, त्याच्या कामाची जात निराळी सांगावयास नको.

त्यांच्या कामाचा पसारा पाहिला म्हणजे मन थक्क होतें. मुंबई आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक त्यांनीं तरुणपणींच मिळविलें. पुराणांतील प्रसंग, शिवकालांतील प्रसंग, राजेरजवाड्यांचीं तैलचित्रें हीं तर त्यांनीं काढलींच. पण त्याबरोबर पुस्तकांतील चित्रें, जाहिरातींचीं चित्रें, आणि घरोघर पोंचणारीं विनोदी पोस्टकार्डेंहि काढलीं. एडवर्ड्स साहेबांनीं मुंबईच्या गल्लीबोळांवर लिहिलेलें पुस्तक १९१२ सालीं निघालें, त्यांत धुरंधरांचीं चित्रें आहेत. किंकेड साहेबांनीं आपल्या आयाआज्यांच्या व्रतवैकल्यांच्या कहाण्या इंग्रजींत आणल्या, तें पुस्तक १९१४ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांतहि धुरंधरांचींच चित्रें आहेत. नवी दिल्लींत सरकारी सचिवालय उभें राहिलें तेव्हां त्यांतील एका दालनाच्या भिंती रंगविण्याचें काम त्यांजकडे आलें. सरकारनें त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयांत त्यांचीं चित्रें आजहि पाहावयास मिळतात, आणि २०१८ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत त्यांच्या कामाचें मोठें प्रदर्शन भरलें, त्या वेळीं नव्या पिढीच्या लोकांनीं तीं चित्रें नव्यानें पाहिलीं.

या सर्व कामांत एक गोष्ट आमच्या मनांत विशेष भरते. धुरंधर विषयासाठीं फार दूर गेले नाहींत. लग्नघरांतील गर्दी, हळदीकुंकवास निघालेल्या बायका, भाजीवाली, मोटकरी, देवळाच्या पायरीवर बसलेला म्हातारा, आगगाडीची वाट पाहणारें कुटुंब, ही त्यांची खरी सामग्री. टिपणवही जवळ बाळगावी, दिसेल तें चार रेषांत पकडावें, आणि तें मागाहून चित्रांत उपयोगास आणावें अशी त्यांची रीत होती. कोणत्या ज्ञातीची स्त्री पदर कसा घेते, नथ कोणत्या घाटाची घालते, पागोट्याला पीळ कोणत्या बाजूनें असतो, हे बारकावे त्यांच्या चित्रांत इतके बिनचूक आहेत कीं त्या काळच्या पोषाखांचा अभ्यास करणारे विद्वानहि आज त्यांचा आधार घेतात.

त्यांच्यावर टीका झाली नाहीं असें नाहीं. बंगालमध्यें त्याच सुमारास निराळा पंथ उदयास आला होता. पाश्चात्य रीतीनें हुबेहूब चित्र काढणें ही परक्यांची नक्कल होय, भारतीय चित्रकारानें आपल्या जुन्या परंपरेकडे वळावें, असें त्या पंथाचें म्हणणें होतें. त्या म्हणण्यांत तथ्य होतें, आणि त्यामुळें कांहीं काळ धुरंधरांच्या पिढीचें तेज फिकें पडलें. आमचें मत असें आहे कीं, रीत त्यांनीं परक्यांकडून घेतली, परंतु डोळा स्वतःचा ठेवला. त्या रीतीनें त्यांनीं जें रंगविलें, तें आपल्याच ओसरींतलें व आपल्याच माजघरांतलें होतें.

आतां त्यांच्या घरांत जाऊं. त्यांच्या पहिल्या पत्नी बापूबाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईंत प्लेगची भयंकर सांथ आली व तिनें हजारों घरें उजाड केलीं. त्या सांथींत बापूबाई गेल्या. पुढें धुरंधरांनीं दुसरा विवाह केला. या दुसऱ्या पत्नी गंगूबाई. त्यांचें चित्र धुरंधरांनीं मोठ्या मायेनें रंगविलें आहे. आपल्या घरचीं माणसें चित्रास बसवावयाचीं ही त्यांची चालच होती. ज्या घरांत आईचें रूप कागदावर उमटतांना लेंकरें पाहतात, त्या घरांत चित्रकला हा परका विषय राहत नाहीं.

गंगूबाईंच्या पोटीं १९१२ सालीं अंबिका जन्मली. तिचे पहिले गुरु तिचे वडीलच होत. बाप दिवसभर कलाशाळेंत दुसऱ्यांच्या मुलांस शिकवून घरीं येई आणि घरींहि त्याचें चित्राचें काम चालूच राही. त्या कामाच्या सावलींत ही मुलगी वाढली. वडिलांचा हात धरून ती शिकली खरी, परंतु येथेंच हकीकत संपली असती तर आम्ही ती आपल्यापुढें मांडली नसती. घरांतील मुलीस चार चित्रें काढूं देणें, पाहुण्यांस तीं दाखविणें, आणि लग्न ठरलें कीं तीं गुंडाळून ठेवणें, हें पुष्कळ घरांत घडतें. धुरंधरांनीं निराळें केलें. त्यांनीं आपल्या मुलीची कला हौस मानली नाहीं. ज्या कलाशाळेंत आपण शिकलों व शिकविलें, त्याच शाळेंत त्यांनीं तिला पाठविलें. मुलांस जो क्रम, तोच तिला. मुलांस जी परीक्षा, तीच तिला. १९३१ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं बाप सेवानिवृत्त झाला त्याच वर्षीं, अंबिकाबाईंनीं तेथील पदविका संपादन केली. ही पदविका मिळविणाऱ्या अगदीं आरंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

पुढें बापलेकींनीं बरोबरीनें काम केलें. संस्थानिकांकडे चित्रांचें काम निघालें कीं कन्या बरोबर असे. १ जून १९४४ रोजीं धुरंधर निवर्तले. अंबिकाबाई त्यानंतर पांसष्टाच्या घरांत वर्षें जगल्या, २००९ पर्यंत. त्यांनीं लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तकाचें नांव ‘माझी स्मरणचित्रें’ असें आहे. आमच्या शाळेंतील जे विद्यार्थी सरकारी रेखाकला परीक्षेस बसतात, त्यांस स्मरणचित्र हा शब्द चांगला ठाऊक आहे: वस्तु समोर नसतांना, पूर्वीं पाहिलेल्या गोष्टीवरून काढावयाचें चित्र तें स्मरणचित्र. वडिलांच्या सहवासाची हकीकत लिहितांना त्यांस हाच शब्द सुचला, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

असें एकच घर होतें असेंहि नाहीं. त्याच कलाशाळेंत धुरंधरांच्या काळींच गोव्याचे अँतोनियु शाव्हियेर त्रिंदाद हे ख्रिस्ती चित्रकार शिक्षक होते. त्यांची कन्या अँजेला हीहि चित्रकार झाली, आणि पवित्र मरीयेस भारतीय साडी नेसवून तिनें काढलेलीं चित्रें प्रसिद्ध आहेत. त्याच शाळेंत शिकलेले सांवळाराम लक्ष्मण हळदणकर यांनीं तर आपल्याच मुलीच्या हातीं दिवा देऊन तिला उभें केलें, आणि तिच्या बोटांतून पाझरणारा व चेहऱ्यावर उजळणारा प्रकाश जलरंगांत असा पकडला कीं म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत तें चित्र पाहण्यास लोक मुद्दाम थांबतात. तीन घरें, तीन बाप, तीन मुली.

यावर पालक म्हणतील कीं, ते बाप चित्रकार होते; आम्हांस रेघ सरळ ओढतां येत नाहीं, आम्ही काय शिकविणार? या प्रश्नाचें उत्तर धुरंधरांच्या शाळेच्या क्रमांतच आहे. रेषा, छायाप्रकाश, प्रमाण, अंतर, रंग, हीं चित्रकलेचीं मूलतत्त्वें. तीं दाखविण्यास चित्रकार होण्याची गरज नाहीं. मुलाजवळ बसून त्याच्याबरोबर पाहण्याची गरज आहे. आणि आमच्या जिल्ह्यांत पाहण्याजोग्या वस्तूंचा तोटा नाहीं.

रेषेचा पाठ अंगणांत आहे. रांगोळी घालणारी आई चिमटींतून एकसारखी रेघ सोडते, ठिपक्यांचीं अंतरें नजरेनें मोजते, उजव्या अंगास जें वळण घेतलें तेंच डाव्या अंगास घेते. हा समतोलाचा धडा होय. मुलास नुसतें तिच्या शेजारीं बसवून, आधीं बोटानें मातींत व मग पेन्सिलीनें कागदावर तेंच वळण काढावयास सांगावें. मुलगाहि बसवावा, रांगोळी ही मुलींचीच असा कांहीं नियम नाहीं.

छायाप्रकाशाचा पाठ मांडणीवर आहे. भंडारा हें पितळी भांड्यांचें गांव. प्लॅस्टरचा पुतळा नसला तर एक पितळी गडवा घेऊन तो खिडकीपाशीं, उजेड एकाच बाजूनें येईल असा ठेवावा. मग मुलास विचारावें: सर्वांत उजळ कोठें दिसतें? सर्वांत काळें कोठें? थोडा वेळ पाहिल्यावर त्यास पांच गोष्टी दिसूं लागतील. उजेडाची बाजू, तिच्या पुढची मंद बाजू, खरी अंधारी बाजू, त्या अंधाराच्याहि कडेला, पाठीमागच्या भिंतीवरून किंवा खालच्या पाटावरून उलटून आलेला पुसट उजेड, आणि जमिनीवर पडलेली सावली. हा उलटून आलेला उजेड ज्यास दिसला, त्याच्या हातून गडवा गोल दिसेल. ज्यास नाहीं दिसला, त्याचा गडवा कागदावर चपटा राहील. पितळ चकचकींत असल्यानें त्यांत खिडकीचें बिंबहि पडतें. पहिल्या दिवशीं तें गोंधळांत टाकील, म्हणून आरंभ मातीच्या गाडग्यापासून केला तरी चालेल.

प्रमाणाचा पाठ तान्ह्या पोळ्याला आपण होऊन दाराशीं येतो. मुलें लाकडी नंदी सजवून मिरवितात. त्याच सुमारास गोठ्यांतील बैलहि सजलेला असतो. मुलास दोघांसमोर नेऊन विचारावें: नंदीचें डोकें त्याच्या अंगाच्या किती पट आहे, आणि बैलाचें किती? पाय कोणाचे आंखूड? खांद्याचा उंचवटा कोणाचा खरा? सुतारानें काय गाळलें व काय वाढविलें हें शोधतां शोधतां मूल शरीराचें माप शिकतें.

अंतराचा पाठ तळ्याच्या पाळीवर किंवा वैनगंगेच्या कांठीं मिळतो. जवळचें झाड मोठें व गडद, दूरचें लहान व फिकें, त्याहून दूरचें निळसर. धानाच्या बांध्यांचे बांध समांतर असूनहि दूर जातांना एकमेकांजवळ येतात असें दिसतें. एक डोळा मिटून पेन्सिल हात लांब करून धरावी, आणि जवळच्या व दूरच्या झाडाची उंची तिच्यावर अंगठ्यानें मोजावी. चित्रकार करतात तेंच हें. एकदां मोजलें म्हणजे मूल सर्व झाडें एका उंचीचीं काढणार नाहीं.

रंगाचा पाठ मात्र शेवटीं. त्यासाठीं महागडी पेटी लागत नाहीं. हळदीचा पिवळा, कुंकवाचा तांबडा, कपड्यांस देण्याच्या निळीचा निळा, एवढ्यावर पुष्कळ काम होतें. हळदींत थोडी नीळ मिसळली कीं हिरवट रंग येतो. हळदीवर चुन्याची निवळी टाकली कीं ती पाहतां पाहतां लाल होते. येथें चित्रकलेच्या तासांत रसायनशास्त्रहि येऊन बसतें. कोशाचें कापड घरांत असेल तर तें उन्हांत व सावलींत धरून पाहावें. एकाच कापडाचे दोन रंग दिसतील, आणि सोनेरी म्हणजे पिवळा नव्हे हें मुलास समजेल.

हे पाठ देतांना पालकांनीं दोन गोष्टी संभाळाव्या. पहिली, मुलाच्या हातांतील पेन्सिल घेऊन चित्र दुरुस्त करूं नये. चुकीच्या जागीं बोट न ठेवतां वस्तूवर बोट ठेवावें व पुन्हां पाहा म्हणावें. दुसरी, दुसऱ्याच्या छापील चित्रावरून नक्कल करावयास लावून तिची वाहवा करूं नये. नकलेनें हात फिरतो, डोळा मिटलेलाच राहतो. धुरंधर भाजीवालीचें चित्र काढीत तें भाजीवालीकडे पाहून.

आतां पुन्हां त्या पहिल्या प्रश्नाकडे वळूं. चित्र काढून पोट भरतें काय? धुरंधरांचें भरलें, कारण त्यांनीं एकेचाळीस वर्षें नियमानें काम केलें. प्रत्येकाचें भरेल असें वचन आम्ही देत नाहीं. आमच्या वर्गांतील बहुतेक मुलें चित्रकार होणार नाहींत. कोणी शेतकरी होईल, कोणी परिचारिका, कोणी सुतार, कोणी डॉक्टर. परंतु पिकाच्या पानावरील पहिला पिवळा डाग ज्या शेतकऱ्याच्या नजरेस वेळीं पडतो, रोग्याच्या चेहऱ्यावरील फरक जी परिचारिका सांगण्यापूर्वीं ओळखते, लांकडाचा बाक जो सुतार मोजण्यापूर्वीं हेरतो, त्यांस कोणीं तरी लहानपणीं पाहावयास शिकविलेलें असतें. हें शिक्षण रोज एक घटका दिलें तरी पुरतें, आणि त्यासाठीं गणिताच्या वहीचा एकहि तास घ्यावा लागत नाहीं.

आणि ज्या एखाद्या मुलीच्या बोटांत खरोखरीच देणगी असेल, तिच्या आईबापांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, तिची पेटी माळ्यावर टाकण्यापूर्वीं त्यांनीं खारेंतला निवृत्त चित्रकार व त्याची कन्या यांची आठवण करावी. धुरंधरांना मुलीस केवळ लाडानें शिकवितां आलें असतें. त्यांनीं तिला परीक्षेस बसविलें. यंदां रेखाकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांचे अर्ज येतील तेव्हां ते घरीं नेणाऱ्या मुलींच्या अर्जांवर सही करण्यास पालकांनीं मागेंपुढें पाहूं नये. तोंवर आमच्या बाल वाचकांनीं एक गडवा घांसून लख्ख करावा, तो खिडकींत ठेवावा, आणि त्याच्या अंधाऱ्या बाजूचा तो पुसट उजेड सांपडतो का तें शोधावें.